लेखकास प्रश्न

महापेच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी युरोपचे कायदे वाचते.
वाचते म्हणजे काय, स्वल्पविराम बघते.
तळटीप आपल्या पानाच्या तळाशीच राहिली
की अर्धी पुढच्या पानावर घसरली,
आकड्यांमधली रेघ आखूड पडली का
(१८७ ते १९३ असेल तर लांब, हे मी झोपेतही सांगेन),
जर्मन अक्षरांवरची दोन टिंबं
फाँट बदलताना वाटेत कुठे सांडली का.
अर्थ आपल्या विभागात येत नाही,
असं डाबरे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

या महिन्यात हातात आहे
सार्वजनिक कायद्याचा इतिहास, खंड दुसरा,
सहाशे चाळीस पानं, लेखिका गेंटच्या.
प्रकरण सात: राज्य जमीन घेतं तेव्हा.
तेही मी तसंच वाचत होते, विरामापासून विरामापर्यंत.
कुठल्याशा सपाट मुलखात कालवा खणायचा होता.
‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द दर वेळी तिरप्या टाइपात.
आणि टीप शहाऐंशीत एक विधवा,
मोबदला घ्यायला आलीच नाही.
एवढंच. पुढे दप्तराचा क्रमांक, पेटी, पान.

तिचं नाव दोनदा आलंय, दोन्ही वेळा तळाशी.
एकदा शेवटी एक मुका स्वर आहे, एकदा नाही.
मी समासात लिहिलं:
लेखकास प्रश्न, क्रमांक चाळीस.
टीप ८६ आणि ९१ मध्ये नावाचं लेखन वेगळं.
कोणतं ठेवावं, कृपया कळवावं.

तीन दिवसांनी उत्तर आलं.
आभार. मूळ कागद पुन्हा बघून आले.
दुसरं बरोबर. अर्जाखाली तिनं स्वतः तसंच लिहिलंय.

पुन्हा बघून आले!
उच्चारातही नसलेल्या एका अक्षरासाठी
एक बाई कोट चढवून घराबाहेर पडली.
मी जागेवरून उठले,
मशीनचा गोड चहा घेतला, न पिता ओतून दिला.

माझ्या बाबांचं नाव पदाजी.
सातबाऱ्यावर पदजी.
एक काना. उभी रेघ, तीळभर शाईची.
घणसोलीची खाडीकडची खाचरं गेली
तेव्हा मी जन्मलेही नव्हते,
बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड यायचा होता.
पण पदाजी कोण, पदजी कोण,
दोघं एकच कशावरून?
प्रतिज्ञापत्र आणा. राजपत्र आणा.
ग्रामपंचायतीचा दाखला आणा
(ग्रामपंचायतीची तोवर महानगरपालिका झाली होती).
एकोणीस वर्षं बेलापूरच्या खेपा,
प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव.
बाबा खिडकीत वाकून म्हणायचे,
“मना माजा नाव ठाव हाय रं सायबा,
तुलाच लिवता येत नाय.”

ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर
कुणीतरी अगदी अचूक लिहिलं: पदाजी.
म्हणजे जमीन ज्याची होती तो पदजी
कागदोपत्री अजून जिवंत आहे,
आणि त्याला वारस नाहीत.

खंड दुसरा परवा छपाईला गेला.
फक्त तळटिपेत आलेली नावं सूचीत घ्यायची नाहीत,
असा नियम आहे. मी तो पाळला.
वाईट वाटलं, पण पाळला.

मग काल रजा टाकली.
कोऱ्या कागदावर, रोजच्या सवयीनं,
वर शीर्षक घातलं: लेखकास प्रश्न, क्रमांक एक.
खाली दोन्ही नावं, दोन्ही दाखल्यांचे क्रमांक,
कोणतं ठेवावं, कृपया कळवावं.

खिडकीतल्या तरुण मुलानं शिक्का मारला,
आवक नोंदली, तारीख घातली,
मग पेन तसंच हातात धरून
कागद पुन्हा वरपासून वाचला.
“मॅडम,” तो म्हणाला,
“लेखक कोण?”