भट्टीवाल्याचं पोट

चाळीस वर्षं माझं पोट या भट्टीवर,
आणि आता पोटालाच तिचं वावडं.
कुताईसीत हे सांगू कुणाला?
झाउरी पाव लावतो, झाउरी पाव खात नाही.
गिऱ्हाईक म्हणेल, पिठातच काहीतरी आहे.

म्हणून पोटाची गोष्ट पोटातच ठेवली.
पहाटे वाकून कणकेची होडी
तापल्या भिंतीला थापटायची,
आणि वाकलेलं असतानाच कळ.
मग पोराच्या हाती आकडा देऊन पळायचं
अंगणापलीकडच्या त्या दाराकडे.
मागे पाव करपायचे.

रक्त काढलं, नळी घातली.
"आतडं धडधाकट आहे," डॉक्टर म्हणाले,
जणू मीच खोटं बोलतोय.

तेकलेनं फक्त एक वही दिली.
नातीच्या वयाची पोर, आहार सांगणारी.
"काय खाल्लं, किती वाजता, पुढे काय झालं.
लाजू नका."
मी लिहिलं, पिठाच्या बोटांनी:
सोमवार. कांदा घातलेला राजमा. रात्रभर ढोल.
बुधवार. गुरामचा मुलगा सैन्यातून परतला.
लसूण, चीज, पाव, वाइन, पुन्हा पाव.
गुरुवार कोरा.
गुरुवारी लिहायला बसताच आलं नाही.

सहा आठवडे मग मक्याची भाकरी,
भात, गाजर, उकडलेलं अंडं.
लामारा तेलात लसूण परतायची
आणि पाकळ्या वेचून टाकायची,
वास तेवढा ताटात,
नुकत्याच उठून गेलेल्या पाहुण्यासारखा.

मग एकेक परत बोलावणं.
राजमा, अर्धी मूठ: चालला.
कांदा: नाही.
कांदा, पुन्हा: नाही म्हटलं ना.

शेवटी पाव.
"पीठ किती वेळ फुगतं?" तेकलेनं विचारलं.
दीड तास. शहराला घाई असते.
"आणि पूर्वी?"
पूर्वी, यीस्टची पाकिटं यायच्या आधी, रात्रभर.

त्या रात्री एक गोळा आंबवला, माझ्यापुरता.
ओल्या फडक्याखाली तो
पहाटेपर्यंत कुजबुजत होता.

दुपारी चार. कडेचा एक तुकडा.
वहीत वेळ लिहिली, पुढची ओळ मोकळी सोडली
आणि बसून राहिलो.
सहा वाजले. आठ.
लामारा दोनदा डोकावून गेली.
दहाला लिहिलं: काही नाही.

दुसऱ्या दिवशी हाव सुटली, तीन तुकडे खाल्ले.
ते पान तेकलेला दाखवलेलं नाही.