विंचरलेली वाळू

अर्जात रकाना आहे: वास्तूचा इतिहास, दहा ओळींत.
मी तीनदा लिहिला, तीनदा खोडला.
पहिल्या खेपेला नुसती मापंच आली:
उंची अठरा मीटर, पायऱ्या चौऱ्याऐंशी,
त्यांतल्या एकवीस गंजून गेलेल्या,
वर काचेची खोली, आता काचेविना,
तोंड पश्चिमेला.

तोंड पश्चिमेला, पण नजर आमच्यावर.
हे अर्जात कसं लिहायचं?
टेहळणीचे बुरूज म्हणे येणाऱ्याची वाट बघतात.
हा बघायचा, घरातून कोण निघालं.

बाल्टिक उंबऱ्याशी होता आणि आम्हाला बंद होता.
होड्या करवतून सरपण केलं,
ज्यांनी डांबर फासलं होतं त्यांच्याच हातांनी.
रोज तिन्हीसांजेला सामूहिक शेतीचा घोडा
दातेरी फळी ओढत किनाऱ्यावरून जायचा.
वाळू विंचरली जायची,
शाळेत धाडायच्या पोरीचे केस विंचरावेत तशी,
एक बट इकडची तिकडे नाही.
सकाळी शिपाई वाकून ती वाचायचे.
पक्ष्यांची पावलं माफ होती.

वरच्या खोलीत, रंगाच्या तिसऱ्या थराखाली
पेन्सिलीच्या रेघा सापडल्या. सातशे एकतीस.
शेजारी जर्दाळूचं झाड, फळांसकट.
फरगाण्याकडचा कुणी पोरगा असेल,
ज्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दुर्बिणीतूनच.
त्या भिंतीवर मी अजून ब्रश टेकवलेला नाही.

गावच्या सभेत एन्नो म्हणाला, पाडा, भंगाराला भाव आहे.
हेल्गी म्हणाली, मग नातवंडांना काय दाखवू, हवा?
लाइने गप्प होती.
लाइने, आमच्या भाषेत लाट.
वय ब्याऐंशी, धड गुडघा एकच.

दुसऱ्या दिवशी ती आली,
वर्तमानपत्रात धुरावलेले मासे बांधून,
आणि खालच्या पायरीवर बसली.

"तेव्हा हा लाकडाचा होता. मी अकरा वर्षांची.
एंडेल चव्वेचाळीसच्या शरदात होडीतून गेला,
कामाचे बूट दाराशीच राहिले. आई ते रोज पुसायची.
एका रात्री मी ते घातले, पुढे कागद कोंबून,
आणि गवतापासून पाण्यापर्यंत उलटी चालत गेले,
म्हणजे पावलं समुद्रातून वर आलेली दिसतील.
मग पाण्यातूनच, कडेकडेनं, खडकांवरून घरी.
मला वाटलं, आईला वाटेल, आला."

सकाळी कुत्री आली, ट्रक आले.
तीन दिवस गवताची गंजी न गंजी भोसकून झाली.
गावात कुणी काही बोललं नाही,
पण त्या तीन रात्री
कितीतरी दारांच्या कड्या लागल्या नाहीत.
प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी पलीकडे होतं.

"आणि आई?"
लाइनेनं माशाचा काटा अलगद सोडवला.
"आईनं पहाटेच वाळू पाहिली होती, कुत्र्यांच्या आधी.
डाव्या टाचेचा एक खिळा पडलेला, तो तिलाच ठाऊक.
परत आली. चकार शब्द नाही.
बूट उचलले, चुलीत घातले.
कातड्याचा वास घरभर, म्हणून वरून ज्युनिपरची फांदी.
आणि संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्त मांडलं.
तीन रात्री मांडलं.
माहीत असून मांडलं."

मग कागद चुरगाळून ती उठली,
काठीनं पायरी ठोकत म्हणाली,
"ही तिसरी हलते. आधी ही बसव,
बाकीचं मागाहून."

पैसे मंजूर झाले तर पायऱ्या होतील, कठडा होईल.
शोधदिव्याचं काही खरं नाही.
अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत.
रकान्यात मी शेवटी एवढंच लिहिलं:
येथे एकदा, घोडा येऊन गेल्यानंतर,
एक माणूस समुद्रातून परत आल्याची नोंद आहे.
तो सापडला नाही.

सात ओळी कोऱ्या राहिल्या.