खिळ्याने काढलेला बाण

कार्मेलोच्या गोदीमागे, एलाडिओच्या बाकावर
नेलिदाने पत्र्याचा डबा उपडा केला:
येर्बा-चहाची भुकटी, आणि तिच्यात एक मॅग्नेटो.
"गाडी सव्वीस सालची. नवरा गेल्यापासून मुकी आहे."

त्याने आधी तो हुंगला.
जळकं बेकेलाइट, जुनी लाख.
मग रॉकेलचा बोळा, मग दात घासायचा ब्रश,
आणि काजळीखालून हळूहळू
चार आकडे, पाचवा झिजलेला.
कॅटलॉगात नाही. दुसऱ्यातही नाही.

"हा गाडीचा नव्हेच," तो शेवटी म्हणाला,
"मळणीयंत्राचा. उलटा फिरणारा."
कारखान्याचा बाण डावीकडे ठोकलेला.
शेजारी खिळ्याने ओरखडलेला दुसरा, उजवीकडे.
कॅम कानशीने घासून घासून
कुणीतरी त्याला सुलटं फिरायला शिकवलं होतं.

नेलिदा हसली. "एकोणीस वर्षं
मला सांगत होता, अस्सल माल, थेट जर्मनीहून."

गुंडाळी नवी भरली. पॉइंट घासले.
फट मोजायचं पातं सापडेना,
तिच्या पाकिटातलं बसचं तिकीट चाललं.
ओरखडा पुसू का, एलाडिओने विचारलं.

तिने नुसती तार धरली, फिरव म्हणाली.
बोटाला झटका बसला तशी
शिवी हासडली तिने,
त्याचीच, ठेवणीतली.