कुणाच्या वहीत

मुरारच्या दवाखान्यात फ्रीज एकच,
त्यावर स्टिकर तीन देशांचे.
चौथा अगदी खाली, पुसून पुसून
फिका झालेला: आपला.

एका बाळाला एक सुई टोचली
की कुमुद इंगळे तीनदा लिहिते,
निळ्यात, हिरव्यात,
आणि त्या जाडजूड तिसऱ्यात, जिथे
बाळाच्या नावाला जागाच नाही.

काल पाहुणे आले. चहावर साय धरेतो
आपसात ठरवत बसले
कुणाचे पैसे कुठे संपतात.

कुमुद म्हणाली,
"वीज दुपारी दोनला जाते.
ते कुणाच्या वहीत लिहू?"

दुभाषा थबकला.
मग सांगितलं त्यानं, जमेल तसं.

एका बाईनं पेनाला टोपण लावलं,
खुर्ची पुढे ओढली:
"तुमची वही बघू."

कुमुदनं खण उघडला.
शाळकरी, दोनशेपानी,
पुठ्ठ्यावर ग्वाल्हेरचा किल्ला.