बोली

हर्णैच्या वाळूत चार वाजता लिलाव बसतो.
बैलगाड्या आस बुडेतो पाण्यात,
टोपल्या उतरतात, आणि चंद्री चोगले
आकड्यावर आकडा फेकते,
मधेच मत्स्यखात्याच्या मंत्र्याच्या सात पिढ्या उद्धरते,
डिझेलचा परतावा दोन वर्षं अडकलाय म्हणून.
कुणी मागं वळून बघत नाही.
मी बघतो.
एकोणीस वर्षं बोटीवर ऑइलर होतो, तिथली सवय.

तिकडच्या धक्क्यावर वेन गोणी मोजायचा.
डोक्यावर लाल झेंडा, कानावर पेन्सिल.
पहिल्या खेपेला त्याच्याकडे सायकल होती,
तीही मेव्हण्याची.
मी त्याला आमचे सोडे दिले, त्यानं मला थर्मास.
पुढल्या खेपेला मोटारसायकल. मग फ्रिज.
मग मुलीच्या दातांना तार.
आणि क्रेना, अशा की आमचं दीपगृह
उचलून खिशात घालतील.

"आता कुणीही दुकान टाकावं," मोडक्या इंग्रजीत सांगायचा,
"भाव करावा, नाही पटला तर उठून जावं."
म्हणजे बोली लावता येते, मी म्हटलं,
आणि तो शब्द समजावताना घाम फुटला मला:
आमच्यात बोली म्हणजे लिलावातला आकडा,
आणि बोली म्हणजे तोंडातली भाषासुद्धा.
त्यानं दोन बोटं वर केली.
जरा वेळानं एक मिटलं.

"तुमच्या गावचा धक्का झाला?"
नाही रे. माझ्या बापाच्या अर्जापासून मागतोय.
"आमचा अकरा महिन्यांत."
आम्ही मोर्चा नेला, मंत्र्याच्या गाडीपुढं सडकी मासळी ओतली.
पेन्सिल थांबली.
"मग?"
मग काही नाही.
"तुम्हाला काही नाही केलं?"
आम्हाला काही नाही. धक्क्यालाही काही नाही.
खूप वेळ हसला. डोळे पुसले.
मला अजून कळलेलं नाही
तो कुणाला हसला.

शेवटून दुसऱ्या खेपेला म्हणाला,
नव्या गोदीसाठी आमची गल्ली पाडतायत.
पैसे चांगले देतायत, पण विचारलं नाही कुणी.
एक कागद लिहिलाय. एकवीस जणांच्या सह्या.
आवाज इतका खाली की
इंजिनाशेजारी आयुष्य गेलेल्या माझ्या कानांना
ओठच वाचावे लागले.

त्यानंतर पाटी दुसऱ्याच्या हातात.
वेन कुठाय?
"गोणी चार हजार दोनशे," तो म्हणाला. "मोजणी बरोबर आहे."
गल्लीच्या जागी काच होती, नऊ मजले,
खाली फ्रिजचं दुकान, सवलतीत.
मी नाव पुन्हा विचारलं नाही.
सही करून बोटीवर चढलो.

थर्मास अजून आहे. झाकण घट्ट.
रात्रीचा चहा फजरच्या नमाजापर्यंत कढत राहतो,
बाहेरून हात लावा, थंडगार.

"इस्माईलचाचा, बोला की! नुसते उभे काय?"
चंद्रीच्या हातात बांगड्यांचा वाटा.
मला दोनच हवे असतात.
काल आकडा सांगायला तोंड उघडलं
आणि भलतंच बाहेर पडलं, मोठ्यानं:
वेन.
चंद्रीनं टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे.
"हा कुठला मासा, चाचा?
आमच्याकडे नाय गावत."