शेवटच्या भेटीची तारीख

धोपाव्याहून फेरीबोटीत बसले की
फॉर्म मी दोन पिशव्यांत गुंडाळते.
देशभराच्या नोंदवहीत जायचेत,
दिल्लीत उघडतील तेव्हा बांगड्याचा वास नको.

दाभोळ. मशिदीमागे हमदुल्यांचं घर.
रकाना अकरा : व्यवसाय.
‘बोटीवर,’ सलेहाबी म्हणतात.
सत्तावीस वर्षं, इंजिनरूममध्ये, पार तळाला.
पायपांना गुंडाळायचा कसलासा पांढरा कापूस
रजेवर आले की कपड्यांच्या घड्यांत सापडायचा.
‘मी झटकायची. हितं, अंगणात.’
मी कोडपुस्तिका चाळते.
नाविक आहे, मच्छीमार आहे.
झटकणारीला कोड नाही.
बोलता बोलता त्या खोकतात.
मी लिहीत नाही,
फॉर्म हमदुल्यांचा आहे.

द्रौपदी पालशेतकर. बिडी-सिगारेट : कधीच नाही.
‘धूर म्हणशील तर काजूच्या टरफलांचा.
भट्टीवर होते ना मी.’
रोज किती?
‘दिवस बुडेस्तवर.’
रकान्यात फक्त आकडा बसतो.

पंचायतीत मृत्यूची वही.
कारण : दम. दम. वार्धक्य. दम.
ग्रामसेवक म्हणतात, ‘मॅडम, आमच्याकडे माणूस
दम्यानं जातो नाहीतर दर्यात.
तिसरं कारण लिहायला डॉक्टर लागतो.’
आणि मला चहा सांगतात.

रात्री चिपळूणला, खोलीवर, लॅपटॉप.
गोविंद रामा जांभारकर, रत्नागिरी.
जी. आर. जांभारकर, परळ, भाच्याच्या खोलीचा पत्ता.
गोविंद रामचंद्र जांबारकर, वय दोन वर्षांनी कमी.
मशीन म्हणतं, तीन रुग्ण.
आधारचे शेवटचे चार आकडे, डाव्या फुप्फुसाची गाठ,
बायकोचं नाव तिन्हीकडे अनसूया.
मी तिघांचा एक करते.
दोघं पुसले जातात, कुणी रडत नाही.
मुंबईचा आकडा एकानं उतरतो, आमचा एकानं चढतो.
चाकरमानी गावी आला.

सलेहाबींकडे एक रकाना राहिला होता.
शेवटचा, एकोणचाळीस :
शेवटच्या भेटीची तारीख.
‘कुणाच्या भेटीची?’
डॉक्टरांच्या, मी म्हणाले,
म्हणजे तपासलं कधी शेवटचं.
त्या कागद आणायला उठल्या नाहीत.
‘नळी घातली त्याच्या आदल्या रात्री
पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं.
मग म्हणाले, खिडकी लाव, इंजिनाचा आवाज येतोय.
हॉस्पिटलात कसलं आलंय इंजिन.
ती तारीख लिही.’

डिस्चार्जच्या कागदावर दुसरीच आहे, नऊ दिवसांनंतरची.
मी ती लिहिली. तीच लिहायची असते.
आणि त्यांची, समासात, पेन्सिलनं.

संगणकात समास नसतो, हे मला ठाऊक आहे.

दारापर्यंत आल्या. पुन्हा खोकल्या.
पिशवीतून मी एक कोरा फॉर्म काढला,
नाव विचारलं नाही, माहीत होतं.
‘बोट चुकेल तुझी,’ त्या म्हणाल्या.

म्हटलं, पुढची आहे.