मशीन मुतते का

माहूलच्या धक्क्यावर भरतीला अजून तीन तास.
मशीन लाकडी घोडीला अडकवून उभं केलंय.
माझ्याहून चार वर्षांनी मोठं ते,
रंग तीनदा बदलला, आता कुठलाच उरला नाही.

काल खाडीच्या तोंडाशी त्याने दम टाकला.
जोमाकाका पुढच्या फळीवर बसून तेच तेच:
"मुतते का गो? मशीन मुतते का?"
त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून मी मागे वाकले.
नाही.
त्या बारीक भोकातून काडीएवढी जी धार पडत असते
आणि असते म्हणून कुणी बघत नाही,
ती नव्हती. वरचं टोप तर असं तापलेलं
की बांगडा भाजून निघाला असता.
मग काय, वल्ही.

खालच्या पायाला बोल्ट पाच. चार सुटले.
पाचव्याला मिठाने धरलंय,
वाटणीच्या कागदावर सही न करणाऱ्या चुलत्यासारखं.
डिझेल घातलं. विडी ओढून होईस्तोवर थांबलो
(विडी त्याची, थांबणं माझं).
मी हातोडी उचलली तर म्हणाला,
"नाय, नाय. आधी घट्ट कर. जरासा. मंग सोड."
उलटंच की. पण केलं.
कुर्र करून आला तो,
सोबत तीस वर्षांचा तांबडा भुगा.

पाय खाली उतरला. पंपाची टोपी काढली.
आत रबराचं फूल: सहा पाकळ्यांपैकी चार,
चारही एकाच बाजूला मान टाकून बसलेल्या.
"दोन नाहीत," मी म्हटलं.
"नाहीत म्हंजे? तुटलं ते कुठंतरी गेलंच ना.
मशीन काय गिळून पचवते?"
मग तार, फुंकर, करंगळी, पुन्हा तार.
एक सापडली, नळीच्या वळणात आडवी.
दुसरी नाही.

नवा पंखा दारूखान्यातून आणलाय, साडेसातशेला.
शेठ म्हणाला, ओरिजनल विसरा, ही कंपनीच बुडाली.
शाफ्टच्या खाचेत बसते ती अर्धचंद्र चावी
कापलेल्या नखाएवढी.
चिखलात पडली तर संपलं,
म्हणून मी ती दातांत धरली
आणि दोन्ही हातांनी टोपीच्या आत ग्रीस फिरवू लागले.

"भरती कितीवर आली?" काका.
मी गप्प.
"हर्षदचा फोन आलेला काय?"
हर्षद माझा भाऊ. गळ्यात रिफायनरीचा गेटपास,
वासाला तो आता खाडी म्हणत नाही, नाला म्हणतो.
मी गप्प. जिभेवर लोखंड.
"ऐकतेस ना?"
पलीकडे चिमणीची ज्वाळा फडफडत होती, तेवढाच आवाज.
मग एकदम हळू,
"गेलीस का गो तू पण?"

ऊंऽऽ केलं मी नाकातून, जेवढं जमलं तेवढं.
त्याने विडीचं थोटूक दगडावर चोळलं. बराच वेळ.

चावी बसवली. टोपी खाली दाबत शाफ्ट फिरवला
घड्याळाच्या काट्यासारखा, नाहीतर पाकळ्या उलट्या मुडपतात.
पाय चढवला, नळी भोकात शोधत,
तीनदा चुकत, चौथ्यांदा शिव्या देत.

निळ्या पिंपात खाडीचं पाणी. दोरी ओढली.
तिसऱ्या झटक्याला मशीन खोकलं, मग चालू.
धार नाही.
"मुतते का?"
"नाय."

तो उठला. खिशातून तंगूसाचा तुकडा काढला,
चाचपत आला, टोपाखाली बोट सरकवत
भोक शोधलं, दोरा आत घातला, बाहेर, आत,
सुईत ओवताना मावशी करायची तसा, न बघता.
काहीतरी काळं, मसुराएवढं, टपकन पडलं.
दुसऱ्या पाकळीचं टोक.
आणि त्याच्या तळहातावर धार.

मुतते, असं तो बोलला नाही.
हात तसाच धरून उभा.
"कोमट," म्हणाला. "बरोबर हाय."

पाणी धक्क्याच्या दुसऱ्या पायरीला लागलंय.
हत्यारं पुसून डब्यात भरली.
फडक्यावर एक वॉशर उरलाय.
त्याबद्दल मी अजून कुणाला काही बोललेले नाही.